दिगूच्या नकाशातली मोकळी जागा

शिळफाट्यावर भाजी घेत होतो, तेव्हा दिगूच्या घरून शैलावहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले..." हातातली मेथीची जुडी मी परत ठेवली. मनात पहिला विचार आला तो हाच, की सांगायचं राहूनच गेलं.

दिगंबर म्हणजे आमच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर, माझा तीस वर्षांचा मित्र. निवृत्तीनंतर तो कर्जतमधल्या आपल्या जुन्या घराच्या मागे लागला. भाऊबंदांनी घर बिल्डरला द्यायचं ठरवलंच होतं. ते पडण्याआधी घराचा नि आळीचा इतिहास लिहायचा, एवढाच याचा हट्ट. कागदपत्रं कुठली मिळायला? मिळाली ती आत्याच्या लग्नातली आमंत्रणाची यादी. अक्षता द्यायला माणूस ज्या क्रमानं दारोदार फिरला, त्याच क्रमानं नावं. त्यावरून या पठ्ठ्यानं अख्ख्या आळीचा नकाशा काढला. स्वतःच्या घराशेजारी मात्र यादीत नावच नव्हतं, म्हणून तिथं लिहिलं, 'मोकळी जागा'. पण त्याच बाजूच्या भिंतीत विटांनी बुजवलेलं एक दार होतं.

"मोकळ्या जागेत दार कोन काढतं रं?" नकाशा माझ्याकडे फिरवून तो विचारायचा. पार कळंबपर्यंतच्या म्हाताऱ्यांना विचारून आला. "कुनालाच ठावं नाय," म्हणायचा आणि दारापाशी काढलेलं प्रश्नचिन्ह पेन्सिलीनं आणखी गडद करायचा.

मला ठाऊक होतं. तिथं माझ्या आजोबांचं घर होतं. विहिरीच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं बिनसलं, दार बुजवलं गेलं, लग्नाचं बोलावणं आलं नाही. आजोबा घर मोडून, वासे-कौलं घेऊन खालापूरकडे आले. त्या घराचं नाव काढायचं नाही, असं वडिलांनी मला बजावलं होतं. आधी वाटायचं, सांगितलं तर मैत्री तुटेल. नंतर वाटायला लागलं, इतकी वर्षं का लपवलंस म्हणेल... भित्राच मी.

गेल्या आठवड्यात घर पाडलं. जेसीबीनं ती भिंत ढकलली तेव्हा आधी दारातल्या विटा सुटल्या. क्षणभर दार उघडं दिसलं, मग सगळीच भिंत खाली आली.

नकाशा वहिनींनी मला दिला. "तुमीच ठेवा. आमाला काय कळतंय त्यातलं?" काल पेन्सिल घेऊन मोकळ्या जागेवर आजोबांचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर नकाशा समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे फिरवला.