अब्रुनुकसानीचा साक्षीदार

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून मी घरी आले आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मेसेज पडला. "चांदीची अत्तरदाणी सापडत नाहीये. शेवटी टीचरबाईंच्या हातात होती. माणसं ओळखता आली पाहिजेत." आमच्या इमारतीत टीचर एकटी मीच. इंदिरानगरातली निम्मी पोरं माझ्याकडे गणिताला येतात.

दुसऱ्या दिवशी अत्तरदाणी त्यांच्याच सोफ्याच्या खाचेत सापडली. बाईंनी मेसेज उडवला आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. माफी नाही, काही नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ वकील गाठला.

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्हाला वाईट वाटलं, एवढ्यावर अब्रुनुकसानी ठरत नाही. मेसेज वाचून लोकांच्या नजरेतून तुम्ही उतरलात, हे सांगणारं कुणीतरी आणा. ज्याला ते खरं वाटलं, असा माणूस."

असा माणूस शोधायचा कसा? मी इमारतीत दारोदार फिरले. "तुम्हाला मी चोर वाटले होते का हो?" असं विचारताना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. जी ती म्हणायची, "छे हो मॅडम, आम्ही कुठे लक्ष देतो!" आणि चहा टाकायला उठायची. एकीने उठता उठता टीपॉयवरची पर्स तेवढी आत नेली. तीही "छे हो"च म्हणाली.

संध्याकाळी माझे मिस्टर अंबडच्या कारखान्यातून कामावरून आले. मी सगळं सांगितलं. बूट काढता काढता, खाली बघतच ते म्हणाले, "मी देतो साक्ष."

"तुम्ही काय सांगणार?"

"मला खरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी तू दूध आणायला गेलीस ना, तेव्हा दारामागची तुझी वाणाची पिशवी उघडून बघितली मी."

खरं तर मी घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण मला मान वर करता येईना. लाजेने कान तापले. आत जाऊन मी कणीक मळायला घेतली.

वकीलबाईंकडे मी पुन्हा गेले नाही. त्या पिशवीत तिळगुळाची पुडी आणि वाणाचा प्लास्टिकचा डबा एवढंच होतं, हे मला ठाऊक होतं. मेसेज वाचल्या वाचल्या, दुधाला जायच्या आधी, मीच ती पलंगावर उपडी करून बघितली होती.