डांबरानं लिहिलेला पूल

बिभीषण पेंटर हा माझा धंद्यातला शत्रू, हे आधीच सांगून टाकतो. वैजापुरात धान्याच्या मोंढ्यासमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. माझं मशीन आलं आणि गावातले पेंटर एकेक करून बसले. हा एकटा टिकला, कारण सरकारी कामाच्या जागी सिमेंटचा रंगवलेलाच फलक लागतो आणि याच्यासारखं अक्षर तालुक्यात दुसऱ्याचं नाही. माझ्याच दुकानात माझा चहा पिऊन मला म्हणायचा, "काकासाहेब, तुमचं फ्लेक्स म्हंजी लग्नातली पत्रावळ. पंगत उठली की उकिरड्यावर." मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो. त्याच माणसाबद्दल आज चांगलं लिहायची वेळ आली आहे. माझा इलाज नाही.

त्या फलकांची रीत सांगतो. कामाचं नाव, निधी, रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि शेवटी काम पूर्ण झाल्याची तारीख. फलक आधी उभा राहतो, काम मागून येतं. तारखेची जागा कोरी सोडायची आणि काम झालं की पेंटरनं पुन्हा जाऊन ती भरायची. भरलेल्या फलकाचा फोटो कार्यालयात पोचला की बिल निघतं. प्रत्यक्ष काम बघायला उन्हातान्हात कोण जातो? फोटोत फलक दिसला म्हणजे काम दिसलं.

बिभीषण राहतो बिरोबा वस्तीवर. दहा-बारा धनगरांची घरं, आणि वस्ती व रस्ता यांच्या मध्ये ओढा. त्याची आई सखूबाई. जन्मभर मेंढरांमागं चालली, पार नाशिकच्या अंगाला जाऊन यायची. तीन वर्षांपूर्वी श्रावणात अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ओढा भरून वाहत होता. दीड दिवस ती तशीच पडून होती. पाणी उतरून कंबरेवर आलं तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घालून काढलं, तर मधोमध एकाचा पाय सटकला आणि बाजेसकट म्हातारी पाण्यात गेली. जीव वाचला. हाड जुळलं, पण वाकडं. तेव्हापासून ती बाजेवरच आहे. जिचे पाय घरात ठरत नव्हते, तिला आता मोरीपर्यंत न्यायला दोन माणसं लागतात.

गेल्या वर्षी जानेवारीत विश्वजीत नावाचा ठेकेदार बिभीषणकडं आला. काम होतं बिरोबा वस्तीच्या ओढ्यावरचा पूल, रक्कम सत्तावीस लाख. बिभीषणला एवढा आनंद झाला की त्यानं पैसे घेतले नाहीत. दोन दिवस लावून एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलं. कोऱ्या जागेपाशी थांबला, तर विश्वजीत म्हणाला, "मार्चअखेरची तारीख टाकून दे रे, तेवढाच तुझा हेलपाटा वाचंल." इतर कुठल्याही कामावर यानं ऐकलं नसतं. पण दारातला पूल म्हटल्यावर याची अक्कल गहाण पडली. टाकली तारीख.

मार्च संपला. ओढ्यात एक पाटी खडीसुद्धा पडली नाही. यानं विश्वजीतला चार वेळा विचारलं, चारही वेळा 'पुढच्या आठवड्यात' असं उत्तर मिळालं. त्या पावसाळ्यात ओढा पुन्हा भरून वाहिला.

यंदाच्या मार्चमध्ये विधानसभेत खर्चावर चर्चा चालू होती. मला तो नाद आहे; दुकानात मोबाइलवर लावून ठेवतो. बिभीषण समोर बसला होता. विरोधी बाकावरच्या एका सदस्यानं आमच्या भागातल्या कागदावरच्या कामांची यादी वाचली आणि त्यात बिरोबा वस्तीचं नाव आलं. बिभीषण पुढं सरकला. मंत्र्यांनी एक फोटो वर धरला. "सन्माननीय सदस्यांची माहिती चुकीची आहे. काम पूर्ण आहे. जागेवर फलक आहे, त्यावर तारीख आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?" बाकं वाजली.

फोटोतलं अक्षर बिभीषणचं होतं. चहा तसाच टाकून तो उठून गेला.

घरी जाऊन त्यानं आईला सगळं खरं सांगितलं. माझ्यासारख्यानं लपवलं असतं. म्हातारी म्हणाली, "चार मेंढ्या इकून तुला शाळेत घातलं व्हतं. त्या मेंढ्या तरी राहिल्या असत्या. झालेला पूल सरकार पुन्हा कशाला बांधंल? तूच लिहिलं ना झाला म्हणून." आणि तिनं त्याच्या हातचं पाणी बंद केलं. सुनेनं, शालूनं दिलं तर प्यायची. यानं तांब्या पुढं केला की तोंड भिंतीकडं फिरवायची. "ज्यानं पूल खाल्ला, त्याला आधी वकाया लाव," एवढंच सांगितलं.

महिनाभर बिभीषण मुका झाला. मला वाटलं खचला. कसला खचतो, डाव मांडत होता.

अक्षय तृतीयेला विश्वजीतच्या नव्या बंगल्याची वास्तुशांती निघाली. बंगला शहरात चिकलठाण्याकडं, नव्या वसाहतीत. फाटकावर घराचं नाव काढायला त्यानं कुणाला बोलवावं? बिभीषणलाच. अक्षर चांगलं म्हणून. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती ही. बिभीषण रस्ते करणाऱ्यांकडून डबाभर डांबर मागून घेऊन गेला. रॉकेलमध्ये पातळ केलेलं डांबर आणि काळा रंग लांबून सारखेच दिसतात. फरक एवढाच, की डांबरावर चुन्याचे, डिस्टेंपरचे कितीही हात मारा, ते तपकिरी होऊन पुन्हा वर येतं. हे पेंटरला माहीत असतं, ठेकेदारालाही माहीत असायला हवं होतं.

सकाळी आत होम पेटला होता. बाहेर बिभीषणनं फाटकावर नाव काढलं आणि मग रस्त्याकडच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडं वळला. वॉचमनला म्हणाला, साहेबांचाच मजकूर आहे. कामाचे नाव : बिरोबा वस्ती येथील ओढ्यावर पूल बांधणे. रक्कम, ठेकेदार, तारीख, काम पूर्ण. हात-हात उंचीची अक्षरं. जेवायला आलेले इंजिनिअर आणि पुढारी गाड्यांतून उतरत होते, वाचत होते आणि एकमेकांकडं न बघता आत जात होते.

विश्वजीत सोवळ्यातच बाहेर धावला. "हे काय लिहिलं रे?"

"तुम्हीच दिलेला मजकूर हाय. एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

विश्वजीतनं सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. बिभीषणनं गाल चोळला, खिशातून मोबाइल काढला आणि कार्यालयवाले काढतात तसाच, जागेचं ठिकाण आणि वेळ उमटेल असा भिंतीचा फोटो घेतला. फोटोत सोवळं नेसलेला विश्वजीतही आला. तो फोटो मी माझ्या मशीनवर छापून विधानसभेत यादी वाचणाऱ्या त्या सदस्याकडं पाठवला. फ्लेक्सचा एवढा चांगला उपयोग मी आयुष्यात केला नव्हता.

जुलैच्या अधिवेशनात पुन्हा खर्चाची चर्चा लागली आणि त्या सदस्यानं दोन फोटो वर धरले. "अध्यक्ष महाराज, मंत्री म्हणतात फलक आहे तिथं काम आहे. मला मान्य आहे. हा दुसरा फलक बघा. अक्षर तेच, मजकूर तोच. म्हणजे पूल चिकलठाण्याला आहे, आणि त्याला दोन मजले आहेत." सभागृह हसलं. मंत्री हसले नाहीत. महिन्याभरात चौकशी लागली, विश्वजीतची सगळी बिलं अडकली आणि बांधून दे नाहीतर गुन्हा घे, असा निरोप आला. सत्तावीस लाख बंगल्यात जिरलेले. विश्वजीतनं बायकोचे दागिने मोडून ओढ्यात पुलाचे गाळे उभे केले. दिवाळीच्या आत पूल झाला. मला त्याच्या बायकोची कीव आली, त्याची नाही.

आता बिलं सुटायची तर खऱ्या तारखेचा नवा फलक हवा. विश्वजीत स्वतः वस्तीवर आला. बिभीषणनं आईकडं बोट दाखवलं. म्हातारी म्हणाली, "आधी मी वलांडीन, मंग तो लिहील. बाजेला चार खांदे लागत्यात. तीन घरचे हायेत. चौथा तुझा."

"मावशी, माणसं लावतो ना मी."

"मेल्यावर खांदा द्याया माझी माणसं हायेत, बाबा. जित्तेपणी तुझा पाहिजे."

आम्ही सगळे ओढ्याकाठी उभे होतो. विश्वजीतनं खांदा दिला. पुलावर मधोमध म्हातारीनं बाज थांबवायला लावली. खाली ओढ्याला घोटाभर पाणी होतं. ती ते बघत राहिली, चांगली पाच-दहा मिनिटं. विश्वजीतचा खांदा थरथरायला लागला तेव्हा म्हणाली, "चला." पलीकडं बाज टेकल्यावर तिनं बिभीषणकडं पाणी मागितलं आणि त्याच्या हातचा तांब्या अर्धा रिकामा केला. मग त्यानं तारीख लिहिली.

जाताना विश्वजीतनं हळूच विचारलं, "आता तरी सांग, ते भिंतीवरचं निघंल कशानं?"

"डांबर हाय, साहेब. निघत नाय."

गेल्या आठवड्यात मी मुद्दाम चिकलठाण्याला जाऊन आलो. भिंतीवर रंगाचे सहा-सात हात तरी बसले असतील. वरच्या ओळी आता पुसट झाल्या आहेत. 'काम पूर्ण' मात्र रस्त्यावरून सरळ वाचता येतं.