सोडणाऱ्याचं काय होतं

काल रोडपालीच्या आमच्या जुन्या घरात खड्याच्या मिठाची बरणी उघडली, आणि त्या ओलसर खाऱ्या वासाने मला थेट बारावीच्या रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी नेलं.

मिठागराच्या बांधावर बसून मी रडत होते. नापास झाले तर आत्याने स्थळ आणून ठेवलंच होतं, आणि विद्युतऋणता काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. बाबा उन्हात लाकडी फळीने मीठ काठाला ओढत होते. म्हणाले, "मला तरी सांग गो."

"तुमाला नाय समजनार!" मी खेकसले. मग हुंदके देतच सांगितलं, "एका इलेक्ट्रॉनसाठी दोन अणू झगडतात. ज्याची ओढ जास्त, तो नेतो. मिठात क्लोरीन नेतो, सोडियम सोडतो."

बाबांची फळी थांबली. "मंग सोडनाऱ्याचं काय व्हतं?"

"ते परीक्षेत नाय विचारत!"

मी पास झाले, बाबांनी मला शिकायला सोडलं. बाबा वारले तेव्हाही मी परगावीच होते. आता वर्गात हेच शिकवते.

काल बरणीत हात घालून वेड्यासारखी बडबडत होते. सोडणारा सुटत नाही हो, बाबा. नेणाऱ्यालाच चिकटून राहतो. पुस्तकात पुढच्याच पानावर होतं हे. मी पान उलटलं नाही.