चौकातल्या इमारतीचा खालचा गाळा

आर्णीच्या मेन रोडवर, चौकात, आज काचेचं कॉम्प्लेक्स आहे. त्या जागी आधी एक दुमजली इमारत होती. कापसाच्या एका व्यापाऱ्याने ती बांधली. जोतं मुद्दाम बैलगाडीच्या उंचीचं ठेवलं होतं, म्हणजे कापूस गाडीतून थेट ओट्यावर ओढता यायचा. तुळया सागवानी होत्या. कापसाची खरेदी बाजार समितीच्या आवारात गेल्यावर खालच्या गोदामात गाळे निघाले: बांगड्या, भांडी, बी-बियाणं, रेडिओ दुरुस्ती. रेडिओवाला पुढे मोबाईलवाला झाला. वरच्या मजल्यावर आधी टायपिंगचा वर्ग होता, नंतर शिकवणी. कोपऱ्यातला खालचा गाळा माझ्या वडिलांचा. ते शिंपी.

त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे बाजाराच्या दिवशी तांड्यांवरून आणि खेड्यांतून येणारी म्हातारी माणसं. आतल्या खिशाची बंडी शिवणारे आता वडीलच उरले होते. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहूनच ओट्याला टेकायचं, वडील मशीनवरून न उठता बोलायचे. जन्मभर पायमशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते. गाळा खाली होता म्हणून धंदा होता. हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

मालकाच्या नातवांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरवलं. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत गाळे मिळणार होते. पण पार्किंग आणि जिन्याला जागा सोडल्यावर खाली सगळे मावत नव्हते. बैठक ओट्यावरच झाली. थोरला नातू वडिलांना म्हणाला, "काका, तुम्ही सगळ्यात जुने. खालचा कोणता पाहिजे ते तुम्ही सांगा, बाकीचं मग पाहू."

"मी पहिले घेतला तं यातलं कोनी वर जाईन," वडील म्हणाले. "उद्या त्याच्या शेजारी कोन्या तोंडानं बसू? ईश्वरचिठ्ठी टाका."

आमच्याकडे शेजाऱ्यांमधला प्रश्न असाच सुटतो. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, लहान मुलाने उचलायच्या, जे निघेल त्याला नाव ठेवायचं नाही. वडिलांचा रोजचा सोबती भांडीवाला. तो हळूच म्हणाला, "टेलर, देव काय तुह्याकडून बंडी शिवून नेते? घे ना गपचूप."

"त्याचं माप घ्याले गेलो तं टेप पुरत नाई," वडील म्हणाले. सगळे हसले.

बांगडीवाल्याच्या नातीने चिठ्ठ्या उचलल्या. भांडीवाल्याला खालचा कोपरा निघाला, म्हणजे वडिलांचीच जागा. वडिलांना दुसरा मजला, मागची बाजू.

भांडीवाला लगेच म्हणाला, "आपण बदलून घेऊ."

त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, गंज-घागरी वर कोन चढवन? अन् ईश्वरचिठ्ठी बदलत नसते."

नियम तोच होता. वडिलांनी मान डोलावली.

जेसीबीने इमारत पाडली. तुळया ट्रकमधून गेल्या. नवी इमारत उभी राहिली, तिला लिफ्ट नव्हती.

बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसं खालून हाक मारत. "टेलरमामा, वर नाई येवत बा." वडील कठड्यावरून थांबायला सांगत आणि टेप गळ्यात घालून एकेक पायरी उतरत. ते पोचेपर्यंत बरेच जण निघून गेलेले असत. मग ते वर जाईनासेच झाले. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून माप घेत, कापड घरी आणून आईच्या मशीनवर शिवत.

जिना भांडीवाल्याच्या दुकानाला लागून होता. एके दिवशी मी वडिलांना न्यायला गेलो, तेव्हा ते एका म्हाताऱ्याचं माप घेत होते. भांडीवाला बाहेर आला. हातातली घागर पुसत उभा राहिला.

"टेलर, पोरं म्हणून राह्यले, इथं बसनं बरं नाई दिसत. गिऱ्हाईक अडते म्हणतात."

"त्याइचं बरोबर हाय."

"मी सांगून पाह्यलं त्याइले."

"तू कायले मधात पडतं? तुले त्याइच्याच घरात राहा लागते."

वडिलांनी म्हाताऱ्याची छाती मोजली, बाही मोजली. त्याला घरचा पत्ता समजावून सांगितला. मग टेप गुंडाळून खिशात ठेवला आणि स्कूटरवर माझ्या मागे बसले. त्यानंतर ते चौकात गेले नाहीत. त्या म्हाताऱ्याचं कापड आलं नाही. वरचा गाळा आम्ही परत केला.

भांडीवाला अधूनमधून संध्याकाळी आमच्या घरी येतो. दोघं पिकांचं बोलतात, कुणाच्या लग्नाचं बोलतात. इमारतीचा विषय कुणी काढत नाही. त्याचे शर्ट आजवर वडिलांनीच शिवले होते. आता तो मुलांनी आणलेले रेडीमेड घालतो. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते. वडिलांना ती दिसते. परवा त्यांचा हात तिकडे गेला, मध्येच थांबला, आणि त्यांनी समोरचा कप उचलला.