व्याजावर बांधलेलं स्वयंपाकघर

आमच्या बाबांना व्याजाचा दर तोंडपाठ असायचा, विटांचा कधीच नाही. हे मी रागानं लिहितेय, आणि तो राग कमी व्हायचं काही चिन्ह दिसत नाही.

बाबा वणीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशातून एकच गोष्ट करायची ठरली होती. आईचं स्वयंपाकघर. घरामागे टिनाच्या पत्र्याखाली तिनं अख्खा संसार शिजवला. मे महिन्यात वणीत टिनाखाली गॅस पेटवून दाखवा एकदा, मग माझ्याशी बोला. आईचं मागणं काही फार नव्हतं: वर स्लॅब, आणि खाली दोन बाया मांडी घालून बसतील एवढी जागा. "तू माहेरी आली का माह्याजवळ बसता आलं पायजे," ती म्हणायची. टिनाखाली मला ती पाच मिनिटंही बसू द्यायची नाही. मी समोरच्या खोलीतून आणि ती मागून, अशा आम्ही मायलेकी वर्षानुवर्षं ओरडून बोललो.

मिस्तरी आला. त्यानं मागच्या आंगणात चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला. आई त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन बसली, मलाही बसवलं. चांगलं ऐसपैस होतं. बाबांनी नारळ फोडला आणि मिस्तऱ्याला म्हणाले, "एक साल थांब. पैसा ब्यांकेत टाकतो. व्याज आलं का त्याच्यात फरशीचा खर्च निंगून जाईन, फुकटात."

फुकटात! आजही हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बँक सांगते तो नाममात्र व्याजदर, त्यातून महागाईचा दर वजा केला की उरतो तो खरा, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि पोरं परीक्षेत बरोबर उतरवतात. घरी म्हटलं, "बाबा, तुमच्या शंभराचे एकशे सहा होतील, पण स्लॅबला लागणारा शंभराचा लोहा एकशे वीसला गेला तर?" बाबा शांतपणे म्हणाले, "ब्यांकेनं लिहून देल्लं हाय. लोह्यानं लिहून देल्लं काय?" मी कपाळावर हात मारून घेतला.

वर्षानं मुदत संपली, व्याज आलं, पेढे आले. मिस्तरीही आला. लोहा, सिमेंट, रेती, मजुरी, सगळ्याचे नवे भाव त्यानं सांगितले, जुन्या रेघा झाडूनं पुसल्या आणि हातभर आत सरकून नवा चौकोन आखला. शहाण्या माणसानं तेव्हाच पाया खोदला असता. बाबांनी व्याजासकट सगळी रक्कम पुन्हा बँकेत टाकली, तो गेलेला हातभर व्याजातून भरून काढायला.

मग महागाई फारच भडकली आणि एक दिवस मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरसाहेबांनी टीव्हीवर येऊन व्याजदर वाढवला. बाबांनी गल्लीला चहा पाजला. "पाह्य, म्हाताऱ्यायची काळजी हाय साहेबाले!"

"अहो बाबा, तुमच्यासाठी नाही वाढवला! महागाई डोक्यावर बसलीय म्हणून वाढवला. कर्ज महाग झालं की लोक हात आखडतात, खरेदी कमी होते, मग भाव थंडावतात."

"मंग तं बेसच हाय न," बाबा म्हणाले. "भाव थंडावन अन् व्याज बी जास्त भेटन. आता तं थांबाच लागते."

भाव थंडावतात म्हणजे चढायचे मंदावतात, खाली उतरत नाहीत, हे मी समजावून सांगेपर्यंत बाबा स्कूटर काढून बँकेत पोचलेसुद्धा होते. पुढच्या खेपेला चौकोन आणखी आत आला.

आई या वादात पडायची नाही. मिस्तरी गेला की ती नव्या रेघांत जाऊन बसायची आणि मला हाक मारायची, "ये व, बसून पाह्य." आधी गुडघ्याला गुडघा लागला. नंतर माझा अर्धा पाय रेघेबाहेर राहिला. "भागते," आई म्हणाली. मला रडू फुटलं आणि बाबांचा असा संताप आला की त्या दिवशी मी न जेवता निघाले.

गेल्या उन्हाळ्यात आई टिनाखाली चक्कर येऊन पडली. पोळी तव्यावर करपली, त्या वासानं बाबा मागे धावले. दोन दिवस सलाईनवर होती. त्याच सुमारास महागाई निवळली म्हणून गव्हर्नरसाहेबांनी दर खाली आणले होते. बाबांना धक्का नक्की कशाचा बसला हे मी विचारलं नाही, पण दवाखान्यातून ते सरळ बँकेत गेले आणि मुदतीआधीच ठेव मोडली. दंड कापला गेला. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या एका गोष्टीसाठी मला त्यांची माया आली.

दिवाळीत गेले तर स्वयंपाकघर उभं होतं. वर स्लॅब, भिंतीला छोटी खिडकी, आत खरंच गारवा. बाबा समोरच्या खोलीत पाहुण्यांना सांगत होते, "पैसा कमी तं झालाच नाई, उलटा वाढवला, अन् वाढलेल्या पैशातच हे बांधलं." यातलं अक्षरही खोटं नव्हतं.

मी पाट घेऊन आत शिरायला गेले. आईनं परातीवरून मान वर केली. पाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तू उंबऱ्याबाहेरच बस व माय," ती म्हणाली. "आत एकीचीच जागा हाय. तिथूनच बोल, मले आयकू येते."