रोझिनानं न थांबवलेलं गाणं

शहरापासून लांबच्या आमच्या आदिवासी वस्तीत एखादा माणूस कसा आहे हे विचारायचं असेल तर त्याचं गाणं कोणतं ते विचारावं. लॉर्नाचं गाणं वाट बघणाऱ्या बाईचं आहे, आणि तिचा नवरा सहा महिन्यांसाठी तुरुंगात आहे, म्हणून ती ते सोडत नाही. एकदा तिनं भलतंच काहीतरी आनंदी गाणं लावायला सांगितलं, तर नवऱ्यानं तुरुंगातून फोन करून विचारलं, घरी कोण आलंय म्हणून. डेझमंडचं गाणं ट्रक चालवणाऱ्याचं. त्याला धड सायकल येत नाही, पण गाणं लागलं की तो स्टीअरिंगवर हात असल्यासारखा बसतो. दोन सख्ख्या बहिणींनी एका कुत्र्यावरून अबोला धरला होता, तेव्हा सबंध उन्हाळा त्या एकमेकींना गाण्यांतूनच टोमणे मारत होत्या आणि आम्ही सगळे मजा बघत होतो.

ही गाणी लावायची रोझिना. दर गुरुवारी दुपारी दोन ते चार, एकोणीस वर्षं. पंचायतीच्या कचेरीशेजारी एक डब्यासारखी पत्र्याची खोली आहे, तेच आमचं रेडिओ केंद्र; पार शहरातल्या इस्पितळापर्यंत आणि तुरुंगापर्यंत ऐकू जातं. रोझिना माझ्या मावशीची मुलगी, म्हणजे आमच्याकडे बहीणच, त्यात सख्खं-मावस काही नसतं. अंगानं भारी, एक गुडघा कामातून गेलेला, चहात पाच चमचे साखर. तिला कुणी गाण्याचं नाव सांगायचं नाही. फोन वाजायचा, पलीकडून कुणी नुसतं "तेच" म्हणायचं, आणि रोझिना तेच लावायची. तिचा एकच नियम होता. स्वतः आधी ऐकल्याशिवाय कोणतीही सीडी ती लावत नसे.

तिच्या थोरल्या भावाचंही गाणं होतं. त्याचं नाव मी घेणार नाही. तो गुरांच्या मोठ्या रानात घोड्यावरून गुरं हाकत राबलेला माणूस, आणि गाणं होतं पुराच्या नदीत वाहून गेलेल्या घोड्याचं. गुरुवारी बरोबर तीनला त्याचा फोन यायचा. "माझं लाव," एवढंच. मग रोझिना माइकवर म्हणायची, "एका उद्धट माणसाकडून त्याच्या बायकोसाठी. ती बिचारी त्याला अजून सोडून गेलेली नाही." त्याची बायको मॅक्सीन त्या वेळेला हमखास आमच्या दुकानात असायची. मी गल्ल्यावर असते, म्हणून मला दिसायचं. ती तोंडावर हात धरून हसायची आणि गाणं संपेपर्यंत एकाच बरणीकडे बघत उभी राहायची.

तीन हिवाळ्यांपूर्वी तो हृदयाच्या झटक्यानं गेला. मग आमच्या रीतीप्रमाणे सगळं बंद झालं. घर रिकामं केलं, कपडे जाळले, भिंतीवरचा फोटो उलटा केला, त्याचं नाव घेणं बंद केलं. आमच्या फुटबॉल संघात त्याच नावाचा एक खेळाडू आहे, त्याला तेव्हापासून सगळे 'बिननाव्या' म्हणून हाका मारतात. आणि गाणंही बंद झालं. ते त्यानं म्हटलेलं नव्हतं, कुणा लांबच्या गोऱ्या गायकाचं होतं, पण आमच्यासाठी ते त्याचंच होतं. रोझिनानं ती सीडी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि डब्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली.

ती पट्टी कधी काढायची हे त्याची विधवा म्हणून फक्त मॅक्सीन सांगू शकत होती. ती वस्तीबाहेर, एकट्या राहणाऱ्या बायकांच्या छावणीत राहायला गेली. पहिलं वर्षभर ती जुन्या काळच्या विधवांसारखी हातांच्या खुणांनीच बोलायची; पीठ हवं, चहा हवा, पुरे. पुढे तिची वाचा परत आली. गाण्याबद्दल मात्र तिनं अवाक्षर काढलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. रोझिनाला एकदा मी भांडी घासताना पकडलं. तोंड बंद होतं, पण घशात ते गाणं घुमत होतं.

"ताई, गप."

"मी कुठं काय केलं?"

"मला चाल ओळखता येते."

तिनं नळ मोठा सोडला आणि भांड्यांचा आवाज करत बसली.

हे सगळं बिनसलं तो गुरुवार टपालाच्या विमानाचा होता. दोनशे मैलांवरच्या एका वस्तीतल्या चर्चच्या बायकांनी आपली भजनं ध्वनिमुद्रित करून पाठवली होती, ती सीडी कार्यक्रम चालू असताना रोझिनाच्या हातात पडली, आणि तिनं तसं माइकवर सांगितलं. तेवढ्यात शहरातून, सगळ्या वस्तीची मावशी असलेल्या आयव्ही मावशीचा फोन. तिथं तिच्यासकट आमच्या वस्तीतल्या सात-आठ जणी डायलिसिसवर आहेत.

"आम्ही सगळ्या यंत्राला बांधून पडलोय गं," मावशी म्हणाली, आणि ते सगळ्या वस्तीनं ऐकलं. "त्या चर्चवाल्या बायकांचं तिसरं लाव. म्हणे रडायला येतं. इथं रडायला तरी काहीतरी कारण मिळेल."

रोझिना हसली आणि तिनं लावलं. न ऐकता लावलं. मावशीला कोण नाही म्हणणार?

आधी गिटार वाजली, चार सूर. शब्द शेजारच्या भाषेतले होते, येशूचे होते, पण चाल त्या घोड्याच्या गाण्याची होती. त्या बायकांना कुठलं तरी छान गाणं ऐकू आलं, त्यांनी त्यावर भजन बसवलं. त्यांना काय ठाऊक.

दुकानात बारा-पंधरा माणसं होती. कुणाच्या हातात कोंबडी, कुणाच्या हातात साबण, सगळी जिथल्या तिथं थिजली. लॉर्नानं सामानाची ढकलगाडी तशीच टाकली आणि पोरांना ढकलत बाहेर काढलं. दुकानाचा रेडिओ मॅनेजरच्या खोलीत असतो आणि मॅनेजर खोलीला कुलूप लावून विमानाकडे गेला होता. मी नुसती छतातल्या कर्ण्याकडे बघत राहिले. रोझिना आता थांबवेल, मी मनात म्हणत होते. तिला कळलंच असेल, आता थांबवेल. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

मॅक्सीन पिठाच्या पोत्यांपाशी होती. ती खाली बसली. मला वाटलं आता हंबरडा फोडेल, पण तिनं तोंड उघडलं नाही. मांडीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. तीन मिनिटं लागतात त्या गाण्याला. संपलं, रेडिओवर नुसती खरखर उरली, आणि मग मॅक्सीनचा आक्रोश सुरू झाला. तो मी आयुष्यात विसरणार नाही.

संध्याकाळच्या आत मॅक्सीनचे भाऊ पत्र्याच्या डब्यापाशी उभे राहिले. एकानं काठीनं दारावर दोन तडाखे दिले. रोझिना लंगडत बाहेर आली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि मान खाली घालून घरी गेली. पुढचे गुरुवार मुके गेले. लॉर्नाच्या नवऱ्याला तुरुंगात गाणं पोचेना, आणि शहरातून आयव्ही मावशी रोज दुकानात फोन करून रडायची, "माझ्यामुळे झालं गं."

मी आणि डेझमंड रोझिनाकडे गेलो. डेझमंड रेडिओची यंत्रं सांभाळतो. मी स्पष्टच सांगितलं, "यंत्र अडकलं म्हण. बटण दाबलं पण चालेना, असं म्हण."

"मी साक्ष देतो," डेझमंड म्हणाला. "आपलं यंत्र तसंही अडकतंच. पुरतं खोटंसुद्धा होणार नाही."

रोझिना चहात साखर घालत होती. पाच झाले, सहा झाले, सात झाले.

"पहिली ओळ चुकून लागली, व्हर्ना," ती म्हणाली. "पुढचं चुकून नव्हतं. माझं बोट बटणावर होतं."

मला तिचा संताप आला. एवढी शहाणी बाई आणि ऐन वेळी अशी माती खाते! "मग दाबलं का नाहीस?"

"ते आधी माझं होतं. पाण्याच्या टाकीवर चढून आम्ही दोघं रेडिओ ऐकायचो, तेव्हा मी ते आधी शिकले. त्यानं मागितलं, मी दिलं. भाऊ म्हटल्यावर काय करणार. तो होता तोवर दर गुरुवारी मी ते ऐकायचे. मग तो गेला आणि मी माझ्याच हातानं पट्टी गुंडाळली." तिनं कप बाजूला सारला. "तीन वर्षांनी कुणीतरी ते माझ्या कानात घातलं. मला थांबवता आलं नाही. मला थांबवायचं नव्हतं."

डेझमंड टोपी घालून निघून गेला. ऐकून घ्यायला नको होतं असं त्याला वाटलं असणार.

रोझिना माफी मागायला निघाली तेव्हा मी सोबत गेले, कारण तिचा गुडघा आणि तिची जीभ, दोन्हींवर माझा भरवसा नव्हता. माफीची भेट म्हणून एक नवी घोंगडी, एक पिठाचं पोतं. छावणीपासून लांब, हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर आम्ही झाडाखाली बसलो. बोलावल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्या दिवशी नुसती कुत्री येऊन हुंगून गेली. दुसऱ्या दिवशी मॅक्सीननं आमच्याकडे बघून पाठ फिरवली. रोझिनाचा गुडघा टम्म सुजला होता, तरी ती हलेना. मला खरंच भीती वाटत होती. मॅक्सीननं हाक मारली नसती तर रोझिनाला ही वस्ती सोडावी लागली असती, आणि ती कुठं जाणार होती?

तिसऱ्या दिवशी मॅक्सीन स्वतः चालत आली. थोडी तिरकी, आमच्याकडे अर्धी पाठ करून बसली.

"का थांबवलं नाहीस?"

मी रोझिनाच्या दंडाला चिमटा काढला. तिनं माझा हात झटकला.

"मला ऐकायचं होतं, वहिनी."

"सगळं?"

"सगळं."

मॅक्सीन काटकीनं तांबड्या मातीत रेघा ओढत होती.

"दुकानाचं दार माझ्यापासून चार पावलांवर होतं," ती म्हणाली. "व्हर्नाला विचार."

मी मान खाली घातली. खरं होतं ते. लॉर्ना पोरांना घेऊन बाहेर पडली होती, मॅक्सीनला पडता आलं असतं.

"मी बसले. सगळं बंद ठेवायची जबाबदारी माझी होती आणि मीच बसून ऐकलं. तू चोरी केलीस, आणि मला पण चोर केलंस." तिनं काटकी मोडली. "तुझ्यावर रागवायचं तर आता माझ्यावर पण रागवायला लागतं. ते मला जमत नाही."

"मग उघड ना ते," रोझिना म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला.

"नाही. उघडलं की सगळे गातील. फुटबॉलच्या गाडीत ओरडून गातील, पोरी त्यावर नाचतील. मग गाणं राहील आणि तो जाईल. अजून नाही." तिनं घोंगडी उचलून खांद्यावर टाकली. घोंगडी घेतली म्हणजे भांडण मिटलं, ते आम्हा तिघींना कळलं. पीठ मात्र तिनं पायानं आमच्याकडे सरकवलं. "पीठ माझं मला आणता येतं. आणि गुरुवारी माझ्या भावाकडून किल्ली घेऊन तो रेडिओचा डबा उघड. लॉर्नापासून सगळे म्हणतात, मॅक्सीनमुळे गाणी बंद झाली."

गुरुवारी रोझिना पुन्हा बसली. आवाज जरा बसका होता, पण लॉर्नाचं लागलं, डेझमंडचं लागलं, आयव्ही मावशीनं यंत्राला बांधलेल्या सगळ्यांकडून तीन गाणी एकदम मागितली. तीन वाजले. त्या वेळेला फोन येत नसे, गेली तीन वर्षं ती वेळ सगळे जण मोकळी सोडत.

मॅक्सीन माझ्यासमोर आली. सामान काही घेतलं नव्हतं. तिनं दुकानाच्या फोनकडे बोट दाखवलं, मी तो लावून दिला.

"रोझिना, मी बोलतेय," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज किंचित मागे राहून छतातून आला.

"बोल, वहिनी." रोझिनाचा श्वास ऐकू येत होता.

"एक गाणं लाव. ते नको."

"ते नाहीच. तुझं सांग. तुझं कोणतं?"

सगळ्या वस्तीची गाणी रोझिनाला तोंडपाठ होती. वहिनीला मात्र तिनं हे आजवर विचारलंच नव्हतं. रांगेतली माणसं उगाच आपापल्या टोपल्यांत बघू लागली. मॅक्सीननं तोंड उघडलं.

"माझं," ती म्हणाली. छतातूनही आलं, "माझं."

तिनं फोनवर तळहात दाबला, गल्ल्यावर वाकली आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "व्हर्ना, माझं कोणतं गं?"

मी तिला बत्तीस वर्षं ओळखते. मला सांगता आलं नाही.