वजन एकशे त्रेपन्न

आमच्या लॅबमध्ये लिफाफ्याची एक पद्धत आहे. लेझर सुरू व्हायच्या आधी, गणित करणाऱ्या माणसाने आपली भाकितं कागदावर लिहायची, लिफाफा बंद करायचा, जोडावर आडवी सही ठोकायची आणि तो माझ्या गाईड मॅडमच्या कपाटात ठेवायचा. प्रयोग झाला की सगळ्यांसमोर फोडायचा. मागाहून "मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणायची सोय नको, म्हणून ही पद्धत. गणित करणारी मी एकटी. त्यामुळे परीक्षा दर वेळी माझीच.

ही लॅब बेलापूरच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी. काम ऐकायला भारदस्त, पण सांगायला सोपं आहे. एखादा रेणू द्रावणात विरघळवायचा, सुईतून फवारायचा, त्याला एक प्रोटॉन चिकटवायचा. झाला आयन. मशीन त्या आयनांची वजनं करतं आणि आपल्याला हव्या त्या वजनाचे तेवढे आत घेतं. आत इतकी थंडी की हेलियमचा एखादा अणूसुद्धा त्यांना बिलगून बसतो. मग लेझरचा रंग हळूहळू बदलत न्यायचा. योग्य रंग लागला की रेणू थरथरतो, हेलियम उडून जातो आणि पडद्यावर एक रेषा उभी राहते. कुठल्या रेणूने कुठल्या रंगाला थरथरायचं, हे मी आधीच गणिताने सांगायचं. अशा एकेका पोकळीतल्या एकट्या रेणूने माझं ऐकलं की मला अजूनही उड्या माराव्याशा वाटतात. दोनदा मी खरोखर मारल्याही आहेत.

मशीन सांभाळतात ते आमचे दादा. खाडीकाठच्या गावातले, वडील मिठागरात कामाला होते. स्वतः बारा वर्षं त्या पंपांच्या आवाजात काढलेली. त्यांचे दोन दंडक. एक, मशीनच्या लॉगबुकात फक्त मशीनला हात लावणाऱ्यानेच लिहायचं. दुसरा, खंडेनवमीला घातलेला हार पूर्ण सुकेपर्यंत काढायचा नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा होते. पंपांना हळदकुंकू, लेझरच्या टेबलाला आणि मशीनच्या तोंडाला झेंडूचे हार, सगळ्यांना पेढे, आणि त्या दिवशी मशीनला सुट्टी. त्या वर्षी माझ्या कीबोर्डलाही कुंकू लागलं. "हिचं हत्यार," असं म्हणून सगळे हसले. मला मात्र ही पूजा अर्धवट वाटायची. आरतीशिवाय कसली पूजा? म्हणून मी सानपाड्याहून, घरच्या देवघरातून, कापराची डबी उचलून आणली होती.

"आग नाय लावायची हितं," दादांनी हात आडवा केला. "अलार्म वाजंल, मग सगली बिल्डिंग खाली उतरंल."

"मग नुसती ठेवते हो. भावना पोचली म्हणजे झालं."

डबी उघडून मशीनच्या तोंडाशी, फवारा आत ओढला जातो तिथे हारामागे, ठेवली, हात जोडले, पेढा खाल्ला आणि विसरून गेले.

दसऱ्यानंतर व्हॅनिलिन पुन्हा घेतलं. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देतो तो रेणू. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण त्याच्यावर उभं होतं. वजन एकशे बावन्न, प्रोटॉन धरून एकशे त्रेपन्न. दसऱ्याआधी त्याचा सिग्नल इतका मरतुकडा होता की दादा रोज सुई बदलायचे. आणि आता एकशे त्रेपन्नवर असा सिग्नल, की पडद्याचं माप बदलावं लागलं!

"पावलं गो, पावलं!" दादा पंपावर थाप मारत म्हणाले. त्या आनंदात कोऱ्या द्रावणाची चाचणी, म्हणजे नुसतं द्रावण फवारून मशीन स्वच्छ आहे ना हे बघणं, पुन्हा कोणी केली नाही. दसऱ्याआधी केली होती आणि मधे मशीन उघडलं नव्हतं. मग कशाला?

तीन दिवसांनी सगळ्या रेषांचा वर्णपट हातात आला आणि लिफाफा फुटला. माझ्या यादीत वरच्या बाजूला दोन रेषा, कारण व्हॅनिलिनच्या आयनात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या. पडद्यावर एकच. आणि खाली, कार्बन-हायड्रोजनच्या पट्ट्यात, जिथे मी जवळजवळ काहीच लिहिलं नव्हतं, तिथे रेषांचं रान माजलेलं. मी यादी पुन्हा वरपासून ताडली, तरी तेच.

मॅडमना मात्र आनंदाचं भरतं आलं. "प्रोटॉन भलत्याच जागी बसलाय. ऑक्सिजन सोडून सरळ कार्बनच्या कड्यावर! व्हॅनिलिनचा हा आकार आजवर कोणी पाहिलेला नाही. शुक्रवारी कॉन्फरन्सला सारांश पाठवायचाय. हेच पाठवू."

"मॅडम, त्या आकाराला ऊर्जा फार लागते. तो टिकणारच नाही. आणि तो धरून गणित केलं तरी खालच्या पट्ट्यात मला दोनच रेषा मिळतात, एवढं रान मिळत नाही."

"मग गणितात काहीतरी राहिलंय. बघ जरा फिरवून."

दादांनी त्यात तेल ओतलं. "तुजा गनित चुकला हाय, बाय. मशीन कदी खोटा बोलत नाय."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी खुर्ची ढकलून उठले. पण मनातून हादरले होते. याच पद्धतीच्या गणितावर माझी आधीची दोन प्रकरणं उभी होती. ती इथे खोटी ठरली तर तिथेही शंका आली, म्हणजे चार वर्षांवर पाणी. आणि फिरवायचं म्हणजे काय? गणिताचे आकडे जरा मोठे येतात, म्हणून त्यांना एकाहून किंचित लहान संख्येने गुणतात. ती संख्या चिमटीत धरून थोडी सरकवली की दोन-चार रेषा जुळल्यासारख्या दिसतात. बुधवारी दुपारी मी तसं करूनही पाहिलं. दिसल्या जुळल्यासारख्या. स्वतःची इतकी लाज वाटली की फाइल तिथल्या तिथे पुसून टाकली.

संध्याकाळी घरी डाळिंब्या सोलत बसले होते. सोलत कसली, चिरडत होते. आई देवापाशी दिवा लावत होती. आमची आई संगमेश्वरकडची, तिचा आवाज देवघरातून जिन्यापर्यंत जातो.

"अगो, कापराची डबी कुठे ठेवलीस? दसऱ्याला म्हणून नेलीस ती गेलीच."

"असेल लॅबमध्ये. आणते उद्या."

"झाकण लावलंयस ना? आत मिरी दोन-तीनच होती. झाकण नसलं तर काय राहिलंय त्यात? गेला असेल सगळा हवेत."

गेला असेल सगळा हवेत.

माझ्या हातातला वाल तसाच राहिला. आमच्याकडे कापरात मिरीचे दाणे टाकतात, तो उडू नये म्हणून. उडून तो जातो कुठे, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मशीनच्या तोंडाशी ठेवलेला कापूर कुठे जाणार? मी ओल्या बोटाने ताटावर लिहायला लागले. कार्बन दहा, एकशे वीस. हायड्रोजन सोळा. ऑक्सिजन एक, सोळा. एकशे बावन्न. प्रोटॉन धरून एकशे त्रेपन्न!

"आई!" मी एवढ्याने ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"काय गो, बोट कापलं?"

"कापूर! आई, तो कापूर आहे!"

"मग मी काय सांगत्ये मघापासून?"

एकच वजन. मशीन वजन करतं, नाव विचारत नाही. कापराच्या आयनात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी एकच, म्हणून वर एकच रेषा. बाकी सगळा कार्बन-हायड्रोजनचा पिंजरा, म्हणून खाली रान! इतके दिवस मी गणितात चूक शोधत होते आणि चूक माझ्याच घरच्या देवघरातून गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिथेच लॅपटॉप उघडून कापराचं गणित लावून दिलं. डाळिंब्या आईने सोलल्या.

तो आनंद ताट वाढेपर्यंत टिकला. पहिला घास घेताना दुसरी गोष्ट लक्षात आली. माझं गणित बरोबर ठरणार, ते माझ्याच चुकीमुळे. मॅडमचा शोध बुडणार, मशीनचे आठ दिवस फुकट गेले हे उघड होणार, आणि ती डबी ठेवली कोणी? मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळपर्यंत गणित पूर्ण झालं होतं. मी मुद्दाम वर्णपटाशी ताडून पाहिलं नाही. रेषा कागदावर उतरवल्या, लिफाफा बंद केला, आडवी सही केली आणि सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोचले. सुकत आलेल्या हारामागे डबी होती. झाकण बाजूला. आत मिरीचे तीन दाणे आणि बाकी काही नाही.

डबी मी पर्समध्ये टाकली. हो, टाकली. चेनही लावली. कोणाला कळणार होतं? "कुठूनतरी घाण शिरली असेल" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझं गणितही वाचलं असतं आणि मीही. पण मग दादा काय करणार, ते मला दिसायला लागलं. अख्खं मशीन खोलणार, एकेक नळी धुणार आणि स्वतःचंच काहीतरी चुकलं म्हणून झुरत बसणार. बारा वर्षांत त्यांनी मशीनवर साधा ओरखडा येऊ दिलेला नाही. ते आत आले तेव्हा मी चेन उघडत होते.

"दादा, नुसतं द्रावण फवारा. व्हॅनिलिन नको."

"कशाला?"

"फवारा हो. मग सांगते."

सुई बदलली, नुसतं द्रावण गेलं. एकशे त्रेपन्न तिथेच उभा! व्हॅनिलिनचा कणही नाही आणि सिग्नल तस्साच. दादा पडद्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात मॅडम आल्या. मी डबी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, आरती, झाकण, मिरी. मग लिफाफा मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी फोडला. एक-एक रेषा वाचत गेल्या आणि दादा पडद्यावर बोट ठेवत गेले. वरची पहिली जुळली. रानातली पहिली, दुसरी, तिसरी. संख्या कुठेही सरकवलेली नव्हती. सातव्या, शेवटच्या रेषेला मी उडी मारली. मला आवरलंच नाही! चूक माझी, नाचतेयही मीच. मॅडमनी डोळे मिटले आणि खुर्चीत बसल्या.

"गेला आपला शोध," त्या म्हणाल्या. मग कागदाची घडी घालत, "पण तुझी पहिली दोन प्रकरणं आता माझ्याकडून पक्की." सारांश शुक्रवारी गेला नाही. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि मलाही वाटलं.

आता दादा ओरडतील, म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. ते उठले, कपाटातून लॉगबुक काढलं, माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि स्वतःच्या खिशातलं पेन त्यावर टाकलं.

"लिव."

"मी? मी कुठे मशीनला हात लावते?"

"आठ दिस कापूर कोनी पाजला त्याला?" त्यांनी पान बोटाने दाबून धरलं. "हात लावलास, आता लिव."

मी लिहिलं: खंडेनवमी. मशीनच्या तोंडाशी कापराची उघडी डबी. ठेवणारी मी. त्याखाली सातही रेषा लिहिल्या आणि सही केली, या वेळी सरळ.